आत कोण राहतंय?

कर्ज थकल्यामुळे बँकेनं लिलावात काढलेल्या घराचा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे बहुतेक जण नोटिशीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊनच येतात. हा मुलगाही तसाच आला. तिशीतला, पुण्यात नोकरी, भाड्याचं घर, गाठीला 12 लाख. सोबत आई. सिंहगड रस्त्याकडचा वन बीएचके, बँकेची राखीव किंमत, म्हणजे कमीत कमी बोली, 42 लाख. त्याच इमारतीत तसाच फ्लॅट नुकताच 55 ला गेलेला. "मॅडम, 13 लाख सरळ वाचतायत. पहिलंच घर आहे, म्हणून विचारतो. यात फसवणूक तर नसते ना?"

आई इतका वेळ गप्प होत्या. "ते राहू दे. आत कोण राहतंय ते विचार. कुणाचं मोडलेलं घर घ्यायचं आणि तळतळाट घ्यायचा?"

मुलगा वैतागला. माझ्या मते त्या दिवशीचा सगळ्यात कामाचा प्रश्न आईंनी विचारला होता.

आधी तळतळाटाचं बोललो. मी त्यांना सांगितलं, की बँक एका सकाळी उठून घर विकत नाही. 90 दिवस हप्ते थकले की खातं बुडीत धरतात. मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे बँकेला तारण ठेवलेलं घर विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याखाली, 60 दिवसांची मागणी नोटीस, त्यानंतर ताबा आणि पहिल्या लिलावाआधी 30 दिवसांची विक्रीची नोटीस. विक्रीची जाहिरात निघेपर्यंत सगळी थकबाकी भरून घर सोडवता येतं. लिलावात बाकीपेक्षा जास्त पैसे आले, तर वरचे कर्जदाराला परत मिळतात. "म्हणजे आपण जास्त बोली लावली तर त्याचंही भलं?" काकूंनी विचारलं. काही वेळा, हो. त्यांच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली.

मग त्याच प्रश्नाचा दुसरा अर्थ. नोटीस मोठी करून वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं: सांकेतिक ताबा. म्हणजे बँकेनं दारावर कागद चिकटवला आहे, आत माणसं राहतायत. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि कर्जदार कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला असेल तर तारखा पडत राहतात. नोटिशीतल्या 'जसे आहे, जेथे आहे' या अटीचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की पुढची डोकेदुखी तुमची.

"रविवारी जाऊन बघून या," मी म्हटलं. "आत जायचं नाही, दार ठोठावायचं नाही. सेक्रेटरींना भेटा."

दोघं जाऊन आले. दाराबाहेर चपलांचे चार जोड, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. सेक्रेटरींनी सांगितलं, मेंटेनन्सचे 2 लाख 40 हजार थकलेत, आणि मालकानं वकील लावलाय.

मग आम्ही कागदावर हिशोब मांडला. बोली 43 लाखांवर थांबली असं धरलं. मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी साधारण 3 लाख, नोंदणी 30 हजार, सोसायटीची थकबाकी 2 लाख 40 हजार, डागडुजीचे अंदाजे 3 लाख. झाले 51 लाख 70 हजार. तेराचे सव्वातीन उरले. विजेची थकबाकी धरलीच नव्हती. तीही अशा खरेदीदाराकडून मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये म्हटलं आहे.

त्याहून अवघड पैशांचं वेळापत्रक. बोली जिंकली की बोलीआधी भरलेल्या अनामतीसकट 25 टक्के, म्हणजे पावणेअकरा लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. उरलेले सव्वाबत्तीस लाख, विक्री मंजूर झाल्यापासून 15 दिवसांत. बँक लेखी मान्य करेल तर मुदत वाढते, पण त्या भरवशावर उडी मारू नये. चुकलात तर भरलेले 25 टक्के जप्त. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती जप्ती योग्य ठरवली. सांकेतिक ताब्यावर गृहकर्ज द्यायला बऱ्याच बँका नाखूश असतात. मिळालंच, तर 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी हप्ता 29 हजार. वर्षभर आत जाता आलं नाही तर उरलेले सव्वातीन लाख हप्त्यांतच संपतात, आणि सध्याच्या घराचं भाडं सुरूच.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "पण मॅडम, लोक कमावतात ना यात?" कमावतात. वर्ष-दीड वर्ष पैसे अडकले तरी ज्यांची चूल अडत नाही, ते. त्याच्याकडे पहिले 25 टक्के भरून सव्वा लाख उरत होता.

तो फ्लॅट त्यानं सोडला. लिलावाचा नाद मात्र सोडला नाही, आणि मीही सोडायला सांगितलं नाही. आम्ही फक्त क्रम बदलला: आधी कर्जाची तत्त्वतः मंजुरी, मग प्रत्यक्ष ताबा असलेलीच घरं, वकिलाकडून मालकीच्या कागदांचा 30 वर्षांचा शोध, आणि बोलीचा शेवटचा आकडा घरून लिहून न्यायचा. चार महिन्यांनी धायरीतल्या एका कुलूपबंद फ्लॅटवर त्यानं बोली लावली. आकडा ओलांडला गेला तेव्हा थांबला. फोनवर आवाज पडलेला होता, पण अनामत परत आली होती.

हल्ली पेपरातल्या लिलावाच्या नोटिसा काकूच आधी वाचतात, असं तो सांगतो. हातात पेन्सिल. 'सांकेतिक' दिसलं की फुली.