पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येते. जुन्या कागदपत्रांच्या डिजिटल संग्रहांच्या ओपन सोर्स (सर्वांना खुल्या) कोडमध्ये हातभार लावून उपयोग आहे का?

तुम्ही विचारलंय की ओमेकासारख्या, जुन्या कागदांचे संग्रह ऑनलाइन मांडणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड परदेशातले लोक लिहितात, तिथे निपाणीतल्या माणसाने काय करायचं? त्यापेक्षा सॉफ्टवेअर उतरवून आपल्यापुरते बदल केले तर काय वाईट? वाईटच. हा वाद मी घरात घातलेला आहे, म्हणून लिहितोय.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात लोकांनी आणून दिलेले कागद आहेत. मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्या, भजनाच्या वह्या, ग्रामीण साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, कन्नड दाखले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे एकाच घरच्या बोचक्यातून दोन्ही भाषा निघतात. हे सगळं स्कॅन करून ओमेकात चढवताना देवनागरी मजकूर चालला, कन्नड चालला, मोडी टाकली की सेव्हच होईना.

समितीतले एकजण म्हणाले, मोडीचा नाद सोडा, देवनागरी लिप्यंतर पुरे. मुळीच पुरे नाही! मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, ते लिप्यंतर करणारा ठरवतो. मूळ मोडी शेजारी असल्याशिवाय त्याचा निर्णय तपासणार कसा?

कारण शोधलं तर साधं निघालं. संगणक अक्षरं यूटीएफ-८ या पद्धतीने साठवतो, त्यात देवनागरी आणि कन्नडचं नेहमीचं चिन्ह तीन बाइट जागा घेतं. मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या सामायिक यादीत, आली २०१४ साली आणि तिचं चिन्ह चार बाइटांचं. नोंदी साठवणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसमधला 'यूटीएफ८' हा जुना प्रकार तीन बाइटांपुढे जात नाही, चारसाठी 'यूटीएफ८एमबी४' लागतो. आम्ही बसवलेल्या एका छोट्या मॉड्यूलचं (जोड-सॉफ्टवेअरचं) टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, जुन्या प्रकारातलं होतं.

माझा मामेभाऊ पुण्यात आयटीत आहे. त्याने एका रात्रीत सर्व्हरवरच टेबल बदलून दिलं. मी म्हटलं, हे मूळ प्रकल्पाला कळवूया. तर म्हणे, "कशाला त्यांच्या मागं लागतोस? आपलं काम झालं की." पुढे सर्व्हर बदलला, मॉड्यूल नव्याने बसवलं आणि टेबल पुन्हा जुन्याच प्रकारात तयार झालं. सीएसव्हीतून (तक्त्याच्या साध्या फाइलीतून) भरायला घेतलेल्या मोडीच्या ओळी पुन्हा अडल्या. भावाने नेमकं काय बदललं होतं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही धड आठवेना.

मग मी मूळ प्रकल्पाकडे इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, लिहिला. मोडीच्या थोरवीने सुरुवात केली नाही. लिहिलं की वर्णनात एक इमोजी टाकून बघा, सेव्ह होत नाही. बहुतेक इमोजीही चार बाइटांच्याच असतात, त्यामुळे जगात कोणालाही बसल्या जागी पडताळता येतं. मोडीचा नमुना खाली जोडला. दुरुस्तीची पुल रिक्वेस्ट (हा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) पाठवली, ती कोड सांभाळणाऱ्या मेंटेनर बाईंनी परत केली. २५५ अक्षरांच्या रकान्यावर इंडेक्स (शोध जलद व्हावा म्हणून केलेली सूची) होता. तीन बाइटांनी ७६५ होतात, चारने १०२०, आणि जुन्या सर्व्हरवर मर्यादा ७६७ बाइटांची. म्हणून इंडेक्स १९१ अक्षरांवर आणायचा. आमचा सर्व्हर नवा, तिथे हे कधी दिसलंच नसतं. दुसऱ्यांच्या जुन्या सर्व्हरवर काय फुटतं हे मेंटेनर बाईंना ठाऊक होतं. शेजारच्या हायस्कूलच्या कन्नड सरांनी रोज संध्याकाळी बसून कन्नड नोंदी जशाच्या तशा राहिल्यात का ते तपासलं. दुरुस्ती मूळ कोडमध्ये गेली. शारदा, ग्रंथ, ब्राह्मी या लिप्याही चार बाइटांच्याच, तेव्हा त्या लिप्यांत काम करणाऱ्यांचंही अडणार नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आता तुमचं पायथन. ओमेका पीएचपी या दुसऱ्या भाषेत आहे, तिथे ते थेट चालणार नाही. पण संग्रहात भरण्याआधीची सीएसव्ही साफ करणं, शके तारखा इसवीत आणणं, याला पायथनच बरं. नुसते ७८ मिळवून भागत नाही बरं का. माघ-फाल्गुनात ७९ लागतात, मार्गशीर्ष-पौषात जानेवारी लागलाय का ते बघावं लागतं. अशी स्क्रिप्ट चाचण्यांसकट उघड्यावर ठेवा, सांगली-कोल्हापूरच्या लोकांनाही हवीच आहे. आणि इंटरफेसचं (पडद्यावर दिसणाऱ्या बटणं-सूचनांचं) मराठी भाषांतर करायला तर कोडही यावा लागत नाही.

एक राहिलं. ज्या प्रकल्पात बऱ्याच काळात कोणी उत्तर दिलेलं नाही, तिथे वेळ घालवू नका. आणि कोड खुला म्हणून घरातले कागद खुले होत नाहीत. जमिनीचा वाद चालू असेल तर भाऊबंदांना विचारल्याशिवाय एक पानही चढवू नका. आम्ही काही वह्या बंदच ठेवल्या आहेत.

सर्व्हरवर थेट बदल करून देतो म्हणणारा पुण्याचा कोणी तुमच्याही घरी असेल, तर करू द्या. पण त्याच आठवड्यात त्याच्याकडून पुल रिक्वेस्टही पाठवून घ्या.