एकच यादी कर

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. या सत्रात विद्याशाखेत अकरा नवी माणसं रुजू होणार, सात शिक्षक आणि चार शिक्षकेतर, आणि त्यांच्या स्वागताचं काम तुझ्या गळ्यात पडलं आहे. शिक्षकांचा कार्यक्रम सभागृहात आणि कर्मचाऱ्यांची ओळख कार्यालयात, असं वेगवेगळं करावं का, हा तुझा प्रश्न. अधिष्ठात्यांना दोन्हीकडे बोलवायचं की एकीकडेच, हा त्याला लागून आलेला दुसरा.

एकच यादी कर. अकरा नावं, पहिल्या नावाने अकारविल्हे. काम दुसऱ्या रकान्यात. एवढं केलंस की दुसरा प्रश्न उरतच नाही.

आणि त्या यादीत 'शिक्षकेतर' हा शब्द नको. माणूस काय नाही, यावरून त्याला दिलेलं ते नाव आहे. सरकारी कागदात तो राहील, तुझ्या कागदात त्या जागी काम लिही: रसायन भांडार, परीक्षा अर्ज आणि गुणपत्रकं, उपकरणांची देखभाल, संध्याकाळचं ग्रंथालय. शिक्षकांपुढेही विषय लिही, पदव्या नकोत. वाचणाऱ्याला कळायला हवं की कुठल्या कामासाठी कोणाकडे जायचं.

पण ही अकरा नावं तुला मिळाली कुठून? आस्थापना विभागाकडून मिळाली असतील तर यादी अपुरी आहे. तिथे फक्त नियमित नेमणुका नोंदलेल्या असतात. तासिका तत्त्वावरचे शिक्षक विभागप्रमुखांच्या वहीत सापडतील, संशोधन प्रकल्पावरचे सहायक प्रकल्प कक्षात, आणि कंत्राटदारामार्फत येणारे सफाई, सुरक्षा आणि तंत्रज्ञ कर्मचारी कंत्राट पाहणाऱ्या टेबलावर. चार ठिकाणी जा, चार कागद आण आणि एक कर. तुझे अकरा कदाचित सोळा होतील. सत्राच्या मध्येच रुजू होणाऱ्यांसाठी याच यादीखाली ओळी मोकळ्या ठेव. स्वागत वर्षातून एकदाच होतं आणि अधेमधे येणाऱ्याला कोणी विचारत नाही. हा दोष जवळजवळ प्रत्येक विद्यापीठात आहे, आणि तो चालत्या यादीनेच जातो.

आता कार्यक्रम बाजूला ठेव. त्याआधीची चार आठवड्यांची कामं महत्त्वाची आहेत, आणि तीच कोणी करत नाही.

सगळ्याची सुरुवात कर्मचारी क्रमांकापासून होते. क्रमांक नाही तर ईमेल खातं नाही. खातं नाही तर अभ्यासक्रमाच्या संकेतस्थळावर प्रवेश नाही, ग्रंथालयाचं कार्ड नाही, छपाई यंत्राचा सांकेतिक क्रमांक नाही. आणि बहुतेक ठिकाणी क्रमांक मिळतो तो रुजू अहवालावर सही झाल्यानंतर. म्हणजे सोमवारी रुजू झालेल्या शिक्षकाला मंगळवारी वर्ग असेल, तर तो रिकाम्या हाताने वर्गात जातो. यावर दोन उपाय आहेत. रुजू होण्याची तारीख सत्र सुरू होण्याच्या निदान दहा कामाचे दिवस आधीची मागून घे. ते जमलं नाही तर तात्पुरतं खातं माग, आणि त्याची मुदत कधी संपते ते स्वतःच्या दिनदर्शिकेत लिही. तात्पुरती खाती बहुधा महिन्याने आपोआप बंद पडतात आणि त्यातल्या फायलीही हाताबाहेर जातात.

नावाचं स्पेलिंग आधी विचारून घे. ओळखपत्र, बँक खातं आणि नेमणूकपत्र या तिन्हींवर ते अक्षर न् अक्षर सारखं हवं. मधलं नाव एका ठिकाणी असेल आणि दुसऱ्या ठिकाणी नसेल, तर पगार अडकतो. आणि पगारपत्रक महिन्याच्या कितव्या तारखेला बंद होतं ते प्रत्येकाला रुजू होण्यापूर्वी कळव. त्या तारखेनंतर कागद पोचले तर पहिला पगार पुढच्या महिन्यात होतो. घरभाड्याची अनामत भरून आलेल्या माणसाला हे महिनाअखेरीस कळणं क्रूर आहे. हे पत्र सगळ्यांना सारखंच जाऊ दे, म्हणजे एकाच यादीवरून.

दोन आठवडे आधी प्रत्येकाची जागा स्वतः जाऊन बघ. किल्ली कुलपात फिरवून बघ, कारण 'किल्ली आहे' आणि 'किल्ली लागते' यांत फरक असतो. कपाट उघड. आधीच्या माणसाच्या उत्तरपत्रिका खणात राहिलेल्या असतात. त्या गोपनीय असतात आणि त्यांची जबाबदारी नकळत नव्या माणसावर येते, म्हणून त्या नोंद करून परीक्षा विभागाकडे पाठव. भिंतीवरच्या नेटवर्कच्या जोडणीला संगणक लावून बघ. दारावरची पाटी बदल. लिपिकाच्या टेबलाला पाटी नसते, ती करून घे. खर्च किरकोळ आहे आणि पहिल्या दिवसापासून लोक त्याला नावाने हाक मारतात.

प्रयोगशाळेतल्या माणसासाठी क्रम वेगळा आहे. तिथे आधी सुरक्षा, मग किल्ली. डोळे धुण्याचा फवारा कुठे आहे, वाटेत काही ठेवलेलं नाही ना, कामाच्या जागेपासून तिथे दहा सेकंदांत पोचता येतं का, हे चालून दाखव. रसायन डोळ्यांत गेलं तर सलग १५ मिनिटं धुवायचं असतं. दोन मिनिटांत बरं वाटलं म्हणून लोक थांबतात आणि इजा वाढते. वायूच्या नळकांड्या साखळीने बांधलेल्या हव्यात. रसायनांची सुरक्षापत्रकं कुठल्या कपाटात आहेत आणि रात्री अपघात झाला तर पहिला फोन कोणाला, हे लेखी हवं. कोट आणि बुटांची मापं नेमणूकपत्राबरोबरच विचारून ठेव. दुसऱ्याचा कोट घालून सुरुवात करावी लागणं बरं नाही. अडचणही आहे आणि धोकाही आहे.

शिक्षकाला पहिल्या दिवशी हाती द्यायचं ते असं: मंजूर अभ्यासक्रम, मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका, गुणदानाचे निकष, वर्गात किती विद्यार्थी आणि किती बाकं, गुण भरण्याची शेवटची तारीख, आणि अभ्यासक्रमात बदल करायचा तर तो कोणाच्या मंजुरीने. पहिल्या सत्रात तीन नवे विषय कोणालाही देऊ देऊ नकोस. रॉबर्ट बॉइस यांनी नव्या प्राध्यापकांचा दीर्घकाळ अभ्यास केला, त्यात हेच पुन्हा पुन्हा दिसलं. बहुतेक जण चूक निघू नये या भीतीने व्याख्यानाच्या तयारीत गरजेपेक्षा जास्त बुडतात, लिखाण मागे पडतं, आणि त्यात ते एकटे पडतात. जे थोडे लवकर रुळतात ते सहकाऱ्यांना विचारण्यासाठी मुद्दाम वेळ काढतात. म्हणजे विचारायला माणूस हवा, आणि तो तू नेमून द्यायचा आहेस.

इथेही यादी एकच. प्रत्येकाला दोन सोबती दे. एक त्याच कामातला, पण त्याचा वरिष्ठ नसलेला. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्याला कोणी अडाणी प्रश्न विचारत नाही. दुसरा पलीकडच्या कामातला: नव्या शिक्षकाला कार्यालयातला किंवा प्रयोगशाळेतला, नव्या लिपिकाला शिक्षकांपैकी कोणी. विद्यापीठातलं निम्मं काम या दोहोंमधल्या दारात अडतं. परीक्षेचे गुण उशिरा आले की लिपिकाला वाटतं शिक्षक बेफिकीर आहेत, आणि शिक्षकाला वाटतं कार्यालय उगाच घाई करतं. गुणपत्रकं छापायला किती दिवस लागतात हे शिक्षकाला कोणी सांगितलेलं नसतं, आणि दोनशे उत्तरपत्रिका तपासायला किती तास लागतात हे लिपिकाला.

जॉन व्हॅन मानेन आणि एडगर शाइन यांनी १९७९ मध्ये संस्थेत नव्या माणसाला सामावून घेण्याच्या रीतींची मांडणी केली. त्यातल्या दोन जोड्या मला कायम उपयोगी वाटतात. एक, आधीचा अनुभवी माणूस वाट दाखवतो की नवा माणूस एकटाच चाचपडतो. दुसरी, तो जसा आहे तसा स्वीकारला जातो की आधी त्याची ओळख पुसली जाते. आपल्याकडे शिक्षकाला निदान स्वीकार मिळतो. कर्मचाऱ्याला बहुधा दोन्ही जोड्यांतली वाईट बाजू मिळते: आधीचा निवृत्त होऊन गेलेला, आणि नाव कोणाला ठाऊक नाही. निवृत्त होणारा माणूस जाण्यापूर्वी नवा यावा यासाठी आस्थापनेशी भांड. पाच दिवस एकत्र मिळाले तरी पुष्कळ. तेही मिळत नसतील तर जाणाऱ्याकडून दोन पानं लिहून घे: वर्षाच्या कुठल्या महिन्यात काय येतं, काय अडतं, कोणाला फोन करायचा.

एकत्र ओळखीची वेळ ठरवताना पाळ्या बघ. सकाळची पाळी सात ते तीन आणि नंतरची अकरा ते सात असेल, तर दोन्ही अकरा ते तीनमध्येच भेटतात. बैठक दीडला घे. सकाळी दहाला घेतलीस तर संध्याकाळच्या ग्रंथालयातला माणूस वगळला जाईल आणि तुझ्या लक्षातही येणार नाही. पंचेचाळीस मिनिटं पुरेत. खुर्च्या गोलात. प्रत्येकाने एकच सांगायचं: माझ्याकडे कुठलं काम येतं आणि कुठलं येत नाही. अधिष्ठात्यांनीही तेच. बोलण्याचा क्रम यादीचा, अकारविल्हे.

नंतर विसरू नकोस. पहिल्या आठवड्याच्या शेवटी, तिसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात आणि सत्र संपताना सोबत्याने भेटायचं. 'सगळं ठीक ना?' असं विचारायचं नाही. त्याला उत्तर 'हो' असंच येतं. 'सध्या कोणाकडून काय यायची वाट बघताय?' असं विचारायचं. उत्तरात अडलेली किल्ली, अडलेला पगार, अडलेली परवानगी बाहेर येते. ती लिहून घे आणि तारीख टाक.

तुला सांगितलं जाईल की हे सगळं एकत्र केल्याने शिक्षकांचा मान कमी होतो. माझ्याशीही लोक यावरून भांडले, आणि मी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर ऐकलं, कित्येक वर्षं ऐकलं. दोन याद्या करत राहिलो, आणि दर वेळी कारण दिलं वेळेच्या सोयीचं. सोय माझी होती. ज्यांची नावं दुसऱ्या यादीत गेली त्यांची मी कधी विचारपूस केली नाही, आणि आता करता येणार नाही. म्हणून आज हट्टाने सांगतो आहे, थोडं जास्तच सांगतो आहे, हेही मला कळतं. तरी यात तडजोड करू नकोस. सभागृह मिळालं नाही तर चालेल, अधिष्ठाते आले नाहीत तरी चालेल. यादी फाडून दोन करायची वेळ आली तर कार्यक्रम रद्द कर आणि फक्त सोबती नेमून दे.

चारही टेबलांवरून नावं गोळा झाली की मसुदा मला पाठव. नावांचा क्रम आणि कामाचा रकाना, एवढंच बघेन. तासिका तत्त्वावरच्यांची नावं विभागप्रमुख उशिरा देतात, त्यांना आजच विचार.

तुझा,
सर