पायावरची सूज आणि सकाळचा काटा

प्रश्न : माझे बाबा ६२ वर्षांचे आहेत. नागपूरला इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तेव्हा 'हृदयाचं पंपिंग ३० टक्के' असं सांगितलं. भरती करून अंगातलं पाणी उतरवलं, घरी आणलं. महिनाभरातच पाय पुन्हा सुजले आणि परत भरती करावं लागलं. घरी आम्ही नेमकं काय पाहायचं?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आधी त्या आकड्याची भीती काढून टाका. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती रक्त बाहेर फेकलं जातं, ते तो आकडा सांगतो. धडधाकट माणसातही तो साधारण ५५ ते ७० टक्केच असतो. रक्त पुढे कमी गेलं की मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात आणि ते पाय, पोट, फुप्फुसांत साचतं. सूज डोळ्यांना दिसेपर्यंत बरंच पाणी साचून गेलेलं असतं. म्हणून सुजेची वाट पाहू नका, वजन पाहा. एक लिटर पाणी साचलं की काट्यावर एक किलो वाढतो.

रोज सकाळी लघवी-संडास झाल्यावर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत वजन करा. काटा सारवलेल्या जमिनीवर ठेवू नका. तिथे तो डुगडुगतो आणि किलोभराचा फरक सहज दाखवतो. फरशीवर किंवा सपाट फळीवर, रोज त्याच जागी ठेवा. सूज पूर्ण उतरल्यानंतरचं वजन डॉक्टरांना विचारून कॅलेंडरवर मोठ्या आकड्यात लिहा, रोजचं वजन तारखेखाली. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, तर दम लागत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. संध्याकाळी नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबा. खड्डा राहिला तर ते पाणी आहे. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर पाणी कंबरेखाली, माकडहाडाजवळ उतरतं, तिथे दाबून पाहा. रात्री आडवं होताच खोकला सुटत असेल, एका उशीच्या तीन उश्या झाल्या असतील, तर त्याला दमा समजून घरातला जुना पंप देत बसू नका.

आता मीठ. बहुतेक घरांत घोळ इथेच होतो. दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या, म्हणजे सपाट एका चहाच्या चमच्याच्या आत राहायला हवं. भाजीत मीठ घालण्याआधी बाबांची वाटी वेगळी काढा. त्यांच्या वाट्याचं अर्धा चमचा मीठ सकाळीच एका डबीत काढा आणि दिवसभर त्यातूनच घाला. उरलेलं मीठ न दिसता पोटात जातं. ठेचा, लोणचं, पापड, कुरड्या, सांडगे, तर्रीसोबतचा शेव-चिवडा, भजीतला खायचा सोडा, ॲसिडिटीवरची फसफसणारी पूड, या सगळ्यांत सोडियम भरपूर असतं. फिकं लागतं म्हणून ते जेवत नसतील तर लिंबू, लसूण, जिरं, कोथिंबीर, ओली मिरची वापरा. अंबाडीचा आंबटपणाही कामी येतो. दुकानातलं 'कमी सोडियमचं मीठ' मात्र आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एनालाप्रिलसारखी हृदयासाठी दिलेली गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून ठोके बिघडू शकतात. याच कारणासाठी रोज शहाळं देण्याआधीही विचारा.

पाण्याचं माप डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल तरच पाळा. बहुधा दीड ते दोन लिटर असतं. सकाळी तेवढं पाणी भरून ठेवा. चहा, ताक, पातळ वरण दिलं की तेवढंच पाणी त्यातून काढून टाका.

प्रश्न : हृदयाच्या त्रासाने आलेली आईची सूज गेली, बरं वाटतं. उन्हाळ्यात लघवीची गोळी बंद करावी का? गुडघ्यांसाठी मेडिकलमधून गोळी आणली तर चालेल?
– एक वाचिका, जि. चंद्रपूर

उत्तर : गोळी आपल्या मनाने बंद करू नका; ती चालू आहे म्हणून सूज गेली आहे. पण आपल्याकडचा मे महिना ४५ अंशांचा. घामानेही पाणी जातं, त्यात फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही लघवीची गोळी. उठताना घेरी येणं, जीभ कोरडी पडणं, लघवी कमी आणि गडद होणं, वजन ठरलेल्या आकड्यापेक्षा दोन किलोंनी उतरणं, जुलाब-उलट्या, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. डोस तात्पुरता कमी करावा लागू शकतो. ओआरएसही न विचारता देऊ नका, त्याच्या एका लिटरमध्ये २.६ ग्रॅम मीठ असतं. गोळी सकाळीच द्या. दुसरा डोस असेल तर दुपारी, म्हणजे रात्री अंधारात लघवीला उठून पडायची भीती राहत नाही.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या अजिबात नकोत. ही औषधं मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. चार दिवसांच्या गोळ्यांनी भरती व्हायची वेळ येते. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून द्या, पाण्यात विरघळून फसफसणारी नको.

प्रश्न : अशा रुग्णाला रात्री एकदम दम लागला आणि तालुका २५ किलोमीटर दूर असेल तर?
– एक वाचक, जि. गडचिरोली

उत्तर : झोपवू नका. खाटेच्या कडेला पाय खाली सोडून ताठ बसवा, पाठीला उश्यांचा आधार द्या. गळ्याचे-छातीचे कपडे सैल करा, दार-खिडकी उघडा. जबरदस्तीने पाणी पाजू नका. लगेच १०८ ला फोन करा. ओठ निळसर पडले, गुलाबी फेस आला किंवा बोलताना वाक्य पुरं होत नसेल तर तेही फोनवर सांगा. गाडीतही बसवूनच न्या. इकोचा कागद, चालू गोळ्यांची पाकिटं आणि ते वजनाचं कॅलेंडर एका पिशवीत आधीच भरून दाराजवळ टांगून ठेवा.