“ताई, आमच्या शेतात ते झाड आहे, कोणाला सांगू?”

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी माणसं पहिल्या भेटीत खरं कारण सांगत नाहीत. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, नवरा वसकन अंगावर येतो, पोरगं शाळेत गप्प असतं, असं काहीबाही सांगतात. मग केव्हातरी खाल मानेनं वरचं वाक्य येतं.

ते झाड म्हणजे गांजा. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात वनजमिनीवर, कपाशीत, तुरीत लावलेली झाडं पोलिसांनी उपटून जाळल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्यात किती किलो आणि किती लाखांचा माल ते छापून येतं. घरच्या बाईला पडलेला प्रश्न मात्र कुठेच येत नाही, आणि तो मी इतक्या जणींकडून ऐकलाय की एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, बऱ्याच भेटींचं बोलणं थोडक्यात आणलं आहे.

त्यांना दिलीपभाऊ म्हणू. वनहक्काचा पट्टा मिळालेली जमीन, कपाशी आणि थोडी तूर. आधी त्यांची बायको एकटी आली. “दोन महिने झाले, मला शेतात येऊ देत नाहीत. भाकर बांधावर ठेव आणि जा म्हणतात.” मग एक दिवस ती त्यांना घेऊनच आली.

मी सुरुवातीलाच सांगितलं, इथलं बोलणं मी आपणहून बाहेर नेणार नाही. पण कोणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसणार नाही, आणि कोर्टानं विचारलं तर खोटं बोलणार नाही. हे आधी स्पष्ट केलं की माणूस मोकळा होतो, हा माझा अनुभव आहे.

दिलीपभाऊ वाद घालायच्या तयारीनंच आले होते. “माझ्या आजाच्या काळी सरकारमान्य दुकानात मिळायचा. उत्तराखंडात तर आता सरकारच लावू देतं.”

पहिलं खरं आहे. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा (एनडीपीएस) येण्याआधी परवान्याची दुकानं होती. दुसरं अर्धं खरं आहे. उत्तराखंडात परवाना काढून, नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत असलेलं, धाग्याचं आणि बियांचं पीक घेता येतं. रात्री मोटारसायकलवर येऊन बी आणि उचल देऊन जाणारा माणूस ते बी देत नाही. एवढं सांगून मी थांबले, कारण वादात मी जिंकले असते तर ते पुन्हा आले नसते.

पुढच्या भेटीत त्यांनी खरा मुद्दा काढला. “जोखीम कशात नाही? कपाशीतसुद्धा जोखीमच आहे.”

“बरोबर आहे. बोंडअळी आली तेव्हा काय केलं?”

“काय करणार? शेजाऱ्याला बोलावून दाखवलं. कृषी सहायकाला फोन केला. मेहुणा फवारणीला आला.”

“आणि ह्या पिकात काही झालं तर कोणाला बोलवाल?”

ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसून राहणं हे ह्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे आणि मी ते मेहनतीनं कमावलं आहे. बऱ्याच वेळानं ते बायकोकडे न बघता म्हणाले, “मागं रात्री राखणीला होतो तेव्हा विंचू चावला.”

बायको चमकून बघायला लागली.

“शेजारची झोपडी हाकेच्या अंतरावर. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बॅटऱ्या घेऊन चार माणसं धावत आली असती, झाडं दिसली असती. पाय फडक्यानं बांधून उजाडेपर्यंत बसून राहिलो. घाम सुटला होता, हात थरथरत होते.”

ती इतकंच म्हणाली, “आणि मला सांगितलं काटा लागला.” मग म्हणाली, “मेले असते तर मी पोरांना काय सांगितलं असतं, बाप कशानं गेला?”

दहा वर्षांच्या कैदेची भीती त्यांना आधीपासून माहीत होती. वकील, पोलीस पाटील, वर्तमानपत्र, सगळे तेच सांगत होते. त्यानं ते हलले नव्हते. हलले ते स्वतःच्या तोंडून हे ऐकल्यावर, की आपल्याच शेतात आपल्याला हाक मारायची सोय उरली नाही. मी कुटुंबाला एकत्र बसवून काम करते ते ह्याचसाठी. एकट्यासमोर हीच हकिकत त्यांनी बहादुरी म्हणून सांगितली असती. बायको समोर असल्यामुळे तिचा खरा अर्थ बाहेर आला. माणूस सल्ल्यानं क्वचित बदलतो, स्वतःचं बोलणं आपल्या माणसासमोर ऐकून बदलतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

त्यानंतर कायद्याचं बोलणं त्यांना ऐकू गेलं. ते इथं नीट मांडते, कारण गैरसमज फार आहेत.

“चारच झाडं आहेत” ह्यानं सुटका होत नाही. बाळगण्याच्या गुन्ह्यात वजनाप्रमाणे शिक्षा बदलते, एक किलोपर्यंत कमी आणि २० किलोच्या वर किमान दहा वर्षं. पण लागवडीच्या कलमात वजनाची पायरी नाही. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तुम्ही कसलेल्या जमिनीत झाड उभं सापडलं की ते तुमचं नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. जमीन ठोक्यानं दिली आणि कसणाऱ्यानं गुपचूप लावलं, तर कळल्याबरोबर पोलिसांना कळवणं हे जमीनधारकाचं कायद्यानं कर्तव्य आहे. केळीच्या बागा, ऊस, हळद ठोक्यानं देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कळवणं म्हणजे चुगली नव्हे, तीच तुमची बाजू असते.

वनहक्काच्या जमिनीत आणखी एक गोष्ट आहे. २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणे विवाहित दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. दिलीपभाऊंना मी विचारलं, “पट्ट्यावर कोणाचं नाव?” त्यांनी बायकोकडे बघितलं. चौकशी लागली असती तर ज्या बाईला बांधाच्या आत येऊ दिलं नव्हतं, तिच्यापर्यंतही ती गेली असती. बी देणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. त्याचा खरा नंबरसुद्धा ह्यांच्याकडे नव्हता. माल उचलायला तो येईल, धाड आली तर येणार नाही.

आणि झाड लपत नाही. दिवस लहान व्हायला लागले की ते फुलावर येतं, वास बांधाबाहेर जातो, उंची कपाशीच्या वर निघते. दिवाळीच्या सुमारास माझ्याकडे झोपेच्या तक्रारी वाढतात त्या ह्यामुळेच.

म्हणून जिच्या मनात हा प्रश्न आहे तिला मी सांगते: आधी घरात बोला, पण रात्री शेतातून आल्या आल्या नको आणि पोरांसमोर नको. “तुम्ही गुन्हेगार आहात” अशी सुरुवात केली की दार बंद होतं. “मला शेतात यायचंय” असं म्हणा. मुलांना खोटं बोलायला शिकवू नका, त्यांच्या पोटदुखीमागे बरेचदा हेच असतं. मग रातोरात स्वतःच काही करायला न जाता आधी वकील गाठा. तालुका विधी सेवा समितीकडे अनुसूचित जमातींना आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करून चौकशी करता येते. घरात कोणी गांजा ओढतही असेल तर तो वेगळा प्रश्न समजा आणि १४४४६ ह्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोला. उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, कायदा संरक्षण देतो. लागवडीला ते लागू नाही.

दिलीपभाऊ आणि त्यांची बायको वकिलाकडे दोघं मिळून गेले. तिथे काय ठरलं ते त्यांचं त्यांच्याकडे. ते झाड आता त्यांच्या शेतात नाही आणि ती रोज शेतात जाते. उचल परत मागायला तो माणूस एकदा येऊन गेला, तेव्हा घरात मेहुणा आणि पोलीस पाटील बसलेले होते. धमकी येईल असं वाटत असेल तर अशी माणसं आधीच बोलावून ठेवावीत आणि वकिलाच्या सल्ल्यानं लेखी तक्रार द्यावी. उधारीचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही, त्यासाठी बायकोच्या बचत गटाशी बोलणं चालू आहे.