न सापडणाऱ्या कणावर पीएचडी करावी का?

प्रश्न : मी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन विद्युतभाराचा प्रतिकण) यांच्या टकरींमध्ये सुपरसिमेट्रीचे, म्हणजे प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असतो असं मानणाऱ्या सिद्धांतातले, कण शोधण्यावर पीएचडी करायची माझी इच्छा आहे. बाबा म्हणतात, "जे कण आजवर कुणालाच दिसले नाहीत, ते तुला पाच वर्षांत दिसणार आहेत का? आणि नाही दिसले तर पदवी कशाची?" त्यांना काय सांगू?

उत्तर : बाबांच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, तो सोपा आहे. कण न सापडताही पीएचडी मिळते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात लेप नावाचा २७ किलोमीटर परिघाचा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडर (कणांची टक्कर घडवणारं यंत्र) चालला. त्यावरच्या अ‍ॅलेफ, डेल्फी, एल-थ्री आणि ओपल या चारही प्रयोगांनी सुपरसिमेट्रीचे कण शोधले. एकही मिळाला नाही, तरी त्या शोधावर प्रबंध लिहून कितीतरी जण डॉक्टर झाले. असा प्रबंध सांगतो ते एवढंच, की हा कण असलाच तर त्याचं वस्तुमान अमुक आकड्याच्या वर असणार. चार्जिनो या सुपरसिमेट्रीतल्या विद्युतभारित कणासाठी लेपचा हा आकडा १०३.५ जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) आहे. यंत्राची सर्वाधिक ऊर्जा होती सुमारे २०९ जीईव्ही, आणि हे कण जोडीनं तयार होतात, म्हणजे निम्म्याच्या पलीकडचं त्या यंत्राला दिसणंच शक्य नव्हतं. जवळजवळ शेवटच्या टोकापर्यंत धुंडाळून झालं होतं. "नाही" म्हणायलाही इतकी मेहनत लागते, हे बाबांना जरूर सांग.

आता तुझ्याकडे वळते. पत्रात तू कणांबद्दल भरभरून लिहिलं आहेस, रोजच्या कामाबद्दल मात्र एक ओळही नाही. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या आत आणखी घटक असल्याचं आजवर दिसलेलं नाही, त्यामुळे टकरीत किती ऊर्जा आली हे चांगलं माहीत असतं. प्रोटॉनच्या टकरीत ही सोय नाही. तिथे प्रोटॉनच्या आतल्या कुठल्या क्वार्कनं किंवा ग्लुऑननं किती वाटा आणला, हे आधी कळत नाही. समजा, सिलेक्ट्रॉनची (इलेक्ट्रॉनच्या सुपरसिमेट्रीतल्या जोडीदाराची) जोडी तयार झाली. प्रत्येकाचं विघटन होऊन एक इलेक्ट्रॉन किंवा पॉझिट्रॉन मिळेल आणि एक न्यूट्रलिनो, म्हणजे सुपरसिमेट्रीचाच पण विद्युतभार नसलेला कण. न्यूट्रलिनो डिटेक्टरमधून काही मागे न ठेवता निघून जातो. हिशेबात ऊर्जा कमी भरते आणि दिसणारे दोन कण एकमेकांच्या नेमके विरुद्ध दिशेला जात नाहीत. हाच पुरावा.

अडचण अशी, की डब्ल्यू बोसॉन या आधीच माहीत असलेल्या कणाची जोडीही अगदी असंच दृश्य उभं करते. तिथे न्यूट्रिनो हे डिटेक्टरला न दिसणारे कण पळून जातात. म्हणून तुझी बहुतेक वर्षं सुपरसिमेट्रीत जाणार नाहीत, डब्ल्यू नीट मोजण्यात जातील. हे वाचून उत्साह मावळणार असेल तर आत्ताच मावळू दे. चार्जिनो आणि न्यूट्रलिनो यांची वस्तुमानं जवळजवळ सारखी असतील तर प्रकरण आणखी बिकट होतं, कारण दिसण्याजोगी ऊर्जाच उरत नाही. तेव्हा टकरीआधी एखाद्या इलेक्ट्रॉननं फेकलेला फोटॉन पकडून त्याच्या आधारानं शोध घ्यावा लागतो. अशा परिस्थितीत लेपची मर्यादा सुमारे ९२ जीईव्हीपर्यंत खाली येते. मला विचारशील तर खरं कौशल्य याच कोपऱ्यात आहे.

पार्श्वभूमीचा, म्हणजे हव्या त्या कणासारखंच दृश्य उभं करणाऱ्या नेहमीच्या घटनांचा, अभ्यास म्हणजे दुय्यम काम, असंही समजू नकोस. रोहिणी गोडबोले आणि मानुएल ड्रेस या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवलं, की उच्च ऊर्जेच्या अशा कोलायडरमध्ये झोतांमधून निघालेले फोटॉनही आपापसांत धडकून हॅड्रॉनचा (क्वार्कच्या बनलेल्या कणांचा) मोठा गोंगाट करू शकतात. पुढच्या यंत्रांचे आराखडे करणाऱ्यांना त्याची दखल घ्यावी लागली.

माझा आक्षेप तुझ्या वेळापत्रकाला आहे. सुपरसिमेट्रीचे जड कण निर्माण करू शकेल असा एकही इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडर आज चालू नाही. आयएलसी, क्लिक आणि सुमारे ९१ किलोमीटर परिघाचा एफसीसी हे अशा यंत्रांचे प्रकल्प हे लिहिताना कागदावरच आहेत. एफसीसीला मंजुरी मिळाली तरी टकरी २०४० च्या दशकात सुरू होतील. नुसत्या सिम्युलेशनवर सगळा प्रबंध उभा करू नकोस, त्यावर एक प्रकरण पुरे. खऱ्या डेटावर हात बसायला हवा. जपानमधल्या त्सुकुबाचा बेल-टू हा इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींचा प्रयोग २०१९ पासून डेटा घेतो आहे. त्याची ऊर्जा जेमतेम १०.६ जीईव्ही, म्हणजे जड कण विसर. पण डार्क फोटॉनसारखे (न दिसणाऱ्या द्रव्याशी जोडलेला, अजून कल्पनेतलाच कण) हलके कण शोधताना हरवलेल्या ऊर्जेचंच तंत्र वापरतात. अ‍ॅलेफच्या जतन केलेल्या डेटावरही २०१९ मध्ये नवा शोधनिबंध आला आहे. सुपरसिमेट्रीच हवी असेल तर अ‍ॅटलस किंवा सीएमएस हे सर्नच्या एलएचसी कोलायडरवरचे प्रयोग गाठ, फक्त तिथे टकरी प्रोटॉनच्या.

राहिला बाबांचा पहिला प्रश्न. तुला पाच वर्षांत कण दिसण्याची शक्यता कमी आहे, हे त्यांच्यापासून लपवू नकोस. एलएचसीनं ग्लुइनोची (ग्लुऑनच्या सुपरसिमेट्रीतल्या जोडीदाराची) मर्यादा अनेक प्रारूपांत दोन हजार जीईव्हीच्या वर नेली आहे आणि या सिद्धांताबद्दलचा पूर्वीचा जोश ओसरला आहे. म्हणून संशोधनाच्या प्रस्तावाचं नाव "सुपरसिमेट्री" ठेवण्यापेक्षा "हरवलेल्या ऊर्जेचा शोध" ठेव. सिद्धांत मागे पडला तरी काम टिकेल. पुढे प्राध्यापकी मिळाली नाही, आणि अनेकांना मिळत नाही, तरी संख्याशास्त्र, सी-प्लस-प्लस आणि पायथन यांवर उद्योगांत नोकऱ्या आहेत.

प्रवेश घेण्याआधी गाइडना तीन गोष्टी विचार. आज डिस्कवर कोणता डेटा आहे? शेकडो लेखकांच्या गटात माझ्या एकटीच्या जबाबदारीचं काम कोणतं असेल? आधीचे विद्यार्थी सध्या कुठे आहेत? पहिल्याच प्रश्नाला "डेटा लवकरच येईल" असं उत्तर मिळालं, तर दुसरा गाइड शोध.