नेते चिडले, नोटीस आली, पुढे काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लहान साप्ताहिकांचे संपादक आणि तालुका वार्ताहर यांच्याकडून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. कलमे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची आहेत. जागा वाचावी म्हणून खाली नुसते 'न्याय संहिता' आणि 'सुरक्षा संहिता' असे लिहिले आहे.

प्रश्न : पाणीपुरवठा योजनेच्या टेंडरबद्दल आम्ही बातमी छापली. आमदारांच्या वकिलांनी पन्नास कोटींची नोटीस पाठवली आहे. सात दिवसांत पहिल्या पानावर माफी छापा म्हणतात. आमचा खप दीड हजार. काय करावे? (संपादक, सोलापूर जिल्हा)

आकडा पाहून घाबरू नका. नोटिशीत किती कोटी लिहावेत याला मर्यादा नाही आणि त्याला खर्चही येत नाही. दावा लावायचा म्हटला की मात्र कोर्ट फी भरावी लागते, आणि महाराष्ट्रात ती दाव्याच्या रकमेबरोबर चढत जाऊन दहा लाखांवर थांबते. एवढे पैसे भरून साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहायला आणि टेंडरच्या फायलीवर उलटतपासणी द्यायला फार थोडे पुढारी तयार होतात. म्हणून बऱ्याच नोटिशी नोटिशीवरच संपतात. त्यांचा खरा उपयोग पुढची बातमी थांबवण्यासाठी असतो.

तरीही उत्तर द्या. कायद्याने सक्ती नाही, पण गप्प बसलात तर 'यांच्याकडे बोलायला काही नव्हते' असे पुढे कोर्टात सांगितले जाते. उत्तर वकिलामार्फत, एका पानाचे असावे : बातमी कागदपत्रांवर आधारलेली आहे, प्रतिक्रिया मागितली होती, चूक दाखवून दिल्यास दुरुस्ती छापू. सगळे पुरावे तिथेच उघडे करू नका. नोटिशीचे पाकीट पोस्टाच्या शिक्क्यासह जपून ठेवा. भरपाईच्या दाव्याची मुदत छापल्यापासून एक वर्ष असते, त्यामुळे तारखांना महत्त्व आहे.

घोटाळा होतो तो पहिल्या दोन दिवसांत. संपादक आमदारांच्या पीएला फोन करून "काही कमीजास्त झालं असेल तर बघू" म्हणतो आणि तो कॉल रेकॉर्ड होतो. कोणी फेसबुक लाइव्ह करून बातमीत नसलेले दोन आरोप नव्याने जोडतो. कोणी वेबसाइटवरून बातमी गुपचूप काढतो, आणि ते कबुलीसारखे दिसते. मजकुरात खरेच चूक असेल तर तारीख घालून वेगळी दुरुस्ती छापा. मूळ मजकूर जागेवर राहू द्या.

आता फाइल बांधा. बातमीतल्या प्रत्येक वाक्याला क्रमांक द्या आणि त्यापुढे कागद लावा : टेंडरची जाहिरात, दरपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत, ठरावाची नक्कल. ज्या वाक्याला कागद सापडत नाही, ते वाक्य वकिलाला आधी दाखवा. आमदारांकडे प्रतिक्रिया कधी, कोणत्या क्रमांकावर मागितली, त्याचा मेसेज आणि कॉल लॉग यांची प्रिंट काढा. फोन बदलला की हे सगळे जाते.

दुसरे काम कॅव्हेटचे, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा कोर्टात आधीच द्यायचा अर्ज. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल केले की तुम्हाला न ऐकता पुढच्या बातम्यांवर मनाई हुकूम मिळवणे अवघड होते. त्याची मुदत ९० दिवस, पुढे नवे करावे लागते. लोक इथेच चुकतात : एकाच कोर्टात कॅव्हेट टाकून स्वस्थ बसतात आणि दावा भलत्याच कोर्टात लागतो. तुमचा अंक जिथे जातो, वेबसाइट जिथे वाचली जाते आणि समोरचे वकील जिथे काम करतात, त्या सगळ्या ठिकाणांचा विचार करा. एकतर्फी मनाई झालीच तर त्याच संहितेच्या आदेश ३९, नियम ४ खाली ती उठवण्याचा अर्ज लगेच द्या. अशा एकतर्फी हुकमाचा निकाल ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न कोर्टाने करावा, असे नियम ३-अ सांगतो. अर्जात त्याचा उल्लेख करायला वकील विसरणार नाहीत हे पाहा.

एक गोष्ट पुष्कळ संपादकांना ठाऊक नसते. नोटीस नगरपरिषदेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नावाने आली असेल, तर १९९४ च्या आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू या निकालाची प्रत काढून ठेवा. सरकारला आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना अब्रूनुकसानीची भरपाई मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले आहे. सार्वजनिक पदावरच्या व्यक्तीच्या पदाशी संबंधित वागण्याबद्दल लिहिले असेल, तर तुम्ही वाजवी पडताळणी करून लिहिले एवढे दाखवणे पुरते.

प्रश्न : बातमी खरी असली की बदनामीचा गुन्हा होत नाही ना? (वार्ताहर, परभणी)

दिवाणी दाव्यात सत्य हा पुरेसा बचाव आहे. फौजदारीत नाही. न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या पहिल्या अपवादात दोन अटी आहेत : मजकूर खरा असावा आणि तो प्रसिद्ध होणे लोकहिताचे असावे. आमदाराच्या टेंडरला दुसरी अट सहज लागू होते. त्याच्या घरगुती भांडणाला होईलच असे नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. फौजदारी बदनामीचे कलमच रद्द करावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली फेटाळली, तेव्हा ते आहे असे धरूनच चालावे लागते.

आणि 'खरी' म्हणजे कोर्टात सिद्ध होणारी. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या खटल्याची आठवण प्रत्येक कार्यालयात असायला हवी. तिथल्या छत्रपतींच्या छळाबद्दल 'केसरी' आणि 'मराठा'त आलेल्या मजकुरामागे जी पत्रे होती ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतूबद्दल कुणाला शंका नव्हती. कागद खोटा होता. आज पुढाऱ्याच्या विरोधी गटाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या 'गोपनीय पत्रा'ची तीच गत होऊ शकते. जावक क्रमांक त्या कार्यालयाच्या नोंदवहीशी ताडून पाहा, सही त्याच अधिकाऱ्याच्या दुसऱ्या पत्राशी जुळवा, आणि माहिती अधिकारात त्याच पत्राची प्रमाणित प्रत मागवा. जुना कागद असेल तर त्या तारखेला तो अधिकारी त्या पदावर होता का, हेही बघा. बनावट कागद बहुधा इथेच उघडा पडतो.

प्रश्न : नगराध्यक्षांच्या कार्यकर्त्याने तक्रार दिली आणि ठाण्यातून "येऊन जा" असा फोन आला. जावे का? (साप्ताहिकाचे वार्ताहर, बीड जिल्हा)

फोनवर नम्रपणे लेखी नोटीस मागा. ती आली की वकिलाला घेऊन जा.

नुसती बदनामी अदखलपात्र आहे. तिच्यावर पोलिसांना परस्पर एफआयआर नोंदवता येत नाही. तक्रार दंडाधिकाऱ्याकडे जाते, आणि तीही ज्याची बदनामी झाली त्यानेच करायची असते. 'साहेबांचा अपमान झाला' म्हणून कार्यकर्त्याने केलेली तक्रार सुरक्षा संहितेच्या कलम २२२ पुढे टिकणे कठीण. शिवाय कलम २२३ प्रमाणे, तक्रारीची दखल घेण्याआधी तुमचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. ती तारीख चुकवू नका.

यामुळेच ज्याला तुम्हाला ठाण्यात बसवायचे आहे तो बदनामीचे कलम लावत नाही. तो दखलपात्र कलम शोधतो, आणि ग्रामीण भागात दोन कलमे पुन्हा पुन्हा दिसतात. एक, सरकारी कामात अडथळा, म्हणजे न्याय संहितेचे कलम १३२. त्यात हल्ला किंवा बळाचा वापर असावा लागतो. प्रश्न विचारणे किंवा चित्रीकरण करणे म्हणजे बळ नव्हे. तरी कार्यालयात शिरताना कॅमेरा चालू ठेवा आणि तो बाहेर पडेपर्यंत बंद करू नका. मधली पाच मिनिटे गायब असली की त्या पाच मिनिटांतच धक्काबुक्की झाली, असे फिर्यादीत येते. पोलीस ठाण्यात चित्रीकरण केले म्हणून शासकीय गुपिते अधिनियम लावण्याची धमकी दिली जाते. पोलीस ठाणे त्या कायद्यातले 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ साली सांगितले आहे.

दुसरे कलम ३०८, खंडणी. हे जास्त घातक, आणि त्याचा दरवाजा आपणच उघडा ठेवतो. बहुतेक तालुका वार्ताहरांना पगार नसतो. जाहिरातीच्या कमिशनवर घर चालते. दिवाळी अंकाची किंवा वाढदिवसाच्या पुरवणीची जाहिरात मागणारा आणि टेंडरची बातमी करणारा माणूस एकच. आठवड्यापूर्वी ज्या ठेकेदाराला जाहिरातीचा मेसेज टाकला, त्याच्याविरुद्धची बातमी आज छापली की त्या मेसेजचा स्क्रीनशॉट फिर्यादीला जोडला जातो. मग आमच्या हेतूवर कशाला बोट ठेवता, हे सांगत वर्षे जातात. उपाय रूक्ष आहे पण चालतो : जाहिरातीचे बोलणे वेगळ्या माणसाने, वेगळ्या क्रमांकावरून करावे, दरपत्रक छापील असावे, पैसे फक्त प्रकाशनाच्या खात्यात घ्यावेत, रोख किंवा वार्ताहराच्या यूपीआयवर कधीही नाही, ज्याच्याविरुद्ध बातमीचे काम चालू आहे त्याची जाहिरात तेवढे दिवस घेऊ नये. मालकांनी पगार दिला तर यातले बरेचसे लागणार नाही, हे आम्हालाही कळते.

प्रश्न : चौकशीत फोन आणि लॅपटॉप मागितला तर? माहिती देणाऱ्याचे नाव सांगावे लागते का? (अहिल्यानगर)

सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची लेखी नोटीस मागा आणि त्यात नेमकी कोणती वस्तू किंवा नोंद हवी ते लिहिलेले आहे का, ते पाहा. झडती-जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करणे त्याच संहितेच्या कलम १०५ ने पोलिसांवर बंधनकारक आहे. पंचनाम्यात उपकरणाचा आयएमईआय क्रमांक (फोनची ओळख पटवणारा क्रमांक) आणि हॅश मूल्य (आतला मजकूर जरा बदलला तरी बदलणारा अंकी ठसा) लिहून घ्या. हॅश न घेता फोन गेला तर नंतर त्यात काही घातले की नाही हे सिद्ध करणे जवळपास अशक्य होते. नावाबद्दल : वृत्तपत्रांविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलपुढे सूत्र उघड करण्याची सक्ती नाही, तसे प्रेस कौन्सिलच्या कायद्यातच म्हटले आहे. न्यायालयापुढे असे निरपवाद संरक्षण आपल्याकडे नाही. म्हणून माहिती देणाऱ्याचा क्रमांक नावासकट सेव्ह करू नका आणि कागदाच्या कोपऱ्यावर त्याच्या हाताची टिपणे राहू देऊ नका.

प्रश्न : पालकमंत्र्यांवर टीका केल्यापासून सरकारी जाहिराती बंद झाल्या. लेखी कारण कोणी देत नाही. (दैनिकाचे संपादक, विदर्भ)

दाबायचा हा जुना आणि शांत मार्ग. सरकारने १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश आणून वृत्तपत्राची किंमत पानांच्या संख्येशी बांधली. लहान पत्रांना मोठ्यांपासून वाचवतो, असे कारण दिले होते. पुण्याच्या 'सकाळ'ला सात नव्या पैशांत आठवड्याच्या सहा दिवसांत ३४ पाने देता येत होती, ती २४ वर आणावी लागणार होती, नाहीतर किंमत वाढवायची. खप घटवणे म्हणजे अभिव्यक्तीच घटवणे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली तो कायदा आणि आदेश रद्द केला. एकही शब्द सेन्सॉर न करता वृत्तपत्र बंद पाडता येते, हे त्या निकालाने मान्य केले.

जाहिरात हा तुमचा हक्क नाही, पण समान वागणूक हा आहे. तेव्हा तुलना करता येईल असा कागद जमवा. जिल्हा माहिती कार्यालयात आणि जाहिरात देणाऱ्या प्रत्येक विभागात वेगवेगळे माहिती अधिकार अर्ज करा, प्रत्येकी दहा रुपये. मागणी अशी असावी : गेल्या २४ महिन्यांत कोणत्या वृत्तपत्राला, कोणत्या तारखेला, किती चौरस सेंटिमीटर, कोणत्या दराने. 'जाहिराती का दिल्या नाहीत' असे विचारू नका; 'का' या प्रश्नाला 'माहिती उपलब्ध नाही' हे तयार उत्तर असते. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करा. हाती तक्ता आला, टीकेच्या तारखेपासून तुमचा स्तंभ कोरा दिसला आणि सरकारी जाहिरातींच्या यादीवरची तुमची नोंद कायम असली, की प्रेस कौन्सिलकडे तक्रार आणि उच्च न्यायालयात रिट याचिका, दोन्हींना आधार मिळतो. कौन्सिल सरकारच्या वर्तनाबद्दल मत नोंदवू शकते, दंड करू शकत नाही. तेवढीच अपेक्षा ठेवा.

प्रश्न : मारहाण झाली. पत्रकार संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदवा म्हटले तर पोलीस टाळतात. (कोकण)

आधी सरकारी दवाखान्यात जा आणि जखमांची नोंद करून घ्या, ठाणे नंतर. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. ठाण्यात टाळाटाळ होण्याचे एक कारण हेही असते. फिर्यादीत 'मी अमुक बातमीचे काम करत असताना' हे वाक्य आणि बातमीचा विषय आलाच पाहिजे. ते नसेल तर साधी मारामारी म्हणून नोंद होते. नेमणूकपत्र किंवा करारपत्र सोबत ठेवा, कारण व्याख्या नियमित किंवा कंत्राटी नोकरीतल्या माध्यमकर्मींची आहे. स्वतःचे यूट्यूब चॅनेल चालवणारे तिच्यात बसवणे कठीण जाते, आणि आज मार खाणाऱ्यांत तेच पुष्कळ आहेत. फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, मग दंडाधिकाऱ्याकडे जा (सुरक्षा संहितेचे कलम १७३, पोटकलम ४). तक्रार खोटी ठरली तर तक्रारदारालाही शिक्षा आहे, म्हणून जखम वाढवून सांगू नका. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांचा फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडून मृत्यू झाला तेव्हा हा कायदा पुस्तकात होता. त्याच्या भरवशावर एकटे घटनास्थळी जाऊ नका.

प्रश्न : सभागृहात आमदाराने एका व्यापाऱ्याला चोर म्हटले. ते छापले तर जबाबदारी कोणाची?

कामकाजाचे मुळाबरहुकूम, द्वेषबुद्धी नसलेले वृत्त दिले तर राज्यघटनेचा अनुच्छेद ३६१-अ तुमचे संरक्षण करतो. मात्र अध्यक्षांनी शब्द कामकाजातून काढून टाकले असतील तर ते छापणे हा विशेषाधिकारभंग ठरू शकतो. पाटण्याच्या 'सर्चलाइट' या वृत्तपत्राच्या १९५८ च्या प्रकरणात वाद याचाच होता. म्हणून पान सोडण्याआधी विधिमंडळ कार्यालयात फोन करून शब्द कायम आहेत का ते विचारा, आणि बातमीत व्यापाऱ्याची बाजू घ्या. मथळ्यात 'चोर' हा शब्द अवतरण चिन्हाशिवाय टाकलात, तर ते वृत्त न राहता तुमचे मत होते.