वाचकांचे प्रश्न: मेल सर्व्हर दुसऱ्या नोडवर नेताना

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत दोन नोडचं, म्हणजे एकमेकांची जागा घेणाऱ्या दोन सर्व्हरचं, मेल क्लस्टर आहे. मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स, मेलपेट्या सांभाळणारं डोव्हकॉट, डेटा डीआरबीडीवर (दोन्ही नोडवर तोच डेटा ठेवणारी प्रणाली) आणि कुठल्या नोडवर काय चालेल याचा ताबा पेसमेकरकडे. पावसाआधी पहिल्या नोडची डिस्क बदलायची आहे. एकही मेल न हरवता काम दुसऱ्या नोडवर कसं न्यावं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: सर्व्हर तासभर बंद राहिला म्हणून बाहेरून येणारा मेल हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर तुमच्याकडून '२५०' (मेल मिळाला) हे उत्तर येईपर्यंत मेल स्वतःच्या रांगेत धरून ठेवतो. पोस्टफिक्स तर मुळातच ५ दिवस प्रयत्न करतं. घात करतो तो अर्धवट उठलेला सर्व्हर. समजा खात्यांची यादी डीआरबीडीवर नसून प्रत्येक नोडच्या स्वतःच्या डिस्कवर आहे आणि दुसऱ्या नोडवरची यादी जुनी राहिली आहे. मग गेल्या महिन्यात उघडलेल्या खात्याचा मेल आला की तो नोड '५५०, असा पत्ता नाही' म्हणून मोकळा होतो. ५५० मिळालं की पाठवणारा पुन्हा प्रयत्न करत नाही. म्हणून आधी दोन्ही नोडवरच्या याद्या ताडून पाहा आणि तेवढ्या वेळापुरतं दोन्हीकडे 'सॉफ्ट_बाउन्स = येस' करून पोस्टफिक्स रीलोड करा. मग कायमचा नकारही '४५०'सारखा तात्पुरता होतो. काम झाल्यावर हे काढायला मात्र विसरू नका.

घात होण्याची दुसरी जागा माउंट पॉइंटची, म्हणजे डीआरबीडीचं व्हॉल्यूम ज्या फोल्डरला जोडलं (माउंट केलं) जातं त्याची, आणि इथे चांगले चांगले फसतात. डीआरबीडीचं व्हॉल्यूम माउंट व्हायच्या आत डोव्हकॉट सुरू झालं, तर ते रिकाम्या फोल्डरमध्ये नव्या मेलपेट्या बनवतं आणि मेल तिथे टाकतं. मागाहून व्हॉल्यूम माउंट झालं की ते मेल त्याखाली झाकले जातात. डिस्कवर असतात, पण कुणालाच दिसत नाहीत. उपाय एका ओळीचा आहे: व्हॉल्यूम माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला दोन्ही नोडवर 'चॅटर +आय' हे कुलूप लावा. मग रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालाही) तिथे लिहिता येत नाही आणि मेल रांगेत थांबून राहतो. पोस्टफिक्सची रांगसुद्धा डीआरबीडीवरच हवी. नाहीतर '२५०' देऊन घेतलेले मेल जुन्या नोडच्या डिस्कवर अडकतात, आणि तुम्ही तीच डिस्क काढणार आहात.

प्रत्यक्ष काम असं करा. 'डीआरबीडीएडीएम स्टेटस' दोन्ही बाजू 'अपटूडेट' दाखवतोय ना, आणि प्रोटोकॉल 'सी' (लिखाण दोन्हीकडे पोचल्यावरच पूर्ण मानणारा) आहे ना, ते पाहा. 'ए' असेल तर शेवटचं थोडं लिखाण पलीकडे पोचलेलंच नसेल. चालू बॅकअप थांबवा, कारण तो फाइली धरून बसला तर व्हॉल्यूम सुटायला वेळ लागतो, मुदत संपते आणि पेसमेकर तो नोडच फेन्स करतो, म्हणजे जबरदस्तीने बंद पाडतो. मग पहिल्या नोडसाठी 'पीसीएस नोड स्टँडबाय' ही आज्ञा द्या, म्हणजे त्याचं काम दुसऱ्यावर जातं. 'रिसोर्स मूव्ह' नको; जुन्या आवृत्त्यांत तो मागे एक बंधन ठेवून जातो आणि पुढच्या खऱ्या बिघाडात तेच आड येतं. बदल चालू असताना बाहेरच्या खात्यातून क्रमांक घातलेले ३० मेल, दर १० सेकंदांनी एक, पाठवत राहा. काही उशिरा येतील. फेरप्रयत्नाला अर्धा तासही लागतो. तीसही मोजून मिळाल्याशिवाय जुन्या डिस्कला हात लावू नका.

प्रश्न: ऐन हापूसच्या हंगामात दोन नोडमधली केबल सुटली. तासभर दोन्ही नोड स्वतःला मुख्य समजून मेल घेत होते. आता डीआरबीडी 'स्प्लिट ब्रेन' दाखवतं. कुठल्या बाजूचा डेटा टाकावा? – एक आंबा निर्यातदार, देवगड

उत्तर: आत्ता कुठलाच नाही. तरंगता आयपी (मुख्य नोडसोबत फिरणारा पत्ता) एकाच नोडवर ठेवा. दुसऱ्या नोडवर बाहेरून येणारे मेल बंद करून 'पोस्टक्यू -एफ'ने रांग रिकामी करा आणि पोस्टफिक्स व डोव्हकॉट थांबवा. मग त्याचे मेलडिर (प्रत्येक मेल वेगळ्या फाइलमध्ये ठेवणारे फोल्डर) आरसिंक या कॉपीच्या साधनाने, 'इग्नोअर-एक्झिस्टिंग' (आधीच असलेल्या फाइली वगळा) लावून, मुख्य नोडवर आणा. मेलडिरमध्ये प्रत्येक फाइलचं नाव वेगळं असतं, म्हणून ही बेरीज सुखरूप होते. त्या तासात कुणी फोल्डर बदलले किंवा मेल वाचले असतील तर काही मेल दोनदा दिसतील, ते चालेल. हे सगळं झाल्यावरच त्या दुसऱ्या नोडवर 'डिस्कार्ड-माय-डेटा', म्हणजे त्याचा डेटा टाकून द्यायला सांगा.

हे पुन्हा होऊ नये तर फेन्सिंग चालू हवं. दोन नोडच्या क्लस्टरमध्ये ते बंद ठेवण्याला आमच्या मते काहीच सबब नाही. नोडमधला संपर्क सांभाळणाऱ्या कोरोसिंकला दुसरी वाट वेगळ्या स्विचमधून द्या. सुटलेल्या केबलचा कनेक्टरही बघा: खाऱ्या हवेत त्याच्या धातूच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि जोडणी मधेच जाते-येते. असा कनेक्टर पुसत बसू नका, कापून नवा लावा.

प्रश्न: ३ जून २०२० च्या निसर्ग वादळासारखं झालं तर क्लस्टर पुरेल का? – एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर: दोन्ही नोड एकाच इमारतीत असतील तर नाही. तेव्हा अनेक गावांत आठवडाभराहून जास्त काळ वीज नव्हती, आणि पाठवणारे सर्व्हर ४-५ दिवसांनी हात टेकतात. पुण्यासारख्या ठिकाणी एक राखीव एमएक्स (बाहेरून येणारा मेल घेणारा सर्व्हर) ठेवा. प्राधान्य: मुख्य १०, राखीव २०; लहान आकडा आधी. त्याच्या रांगेची मुदत ५ वरून २० दिवस करा. स्पॅमचे नियम तिथेही तेवढेच कडक हवेत, कारण स्पॅम पाठवणारे मुद्दाम राखीव दाराने येतात. खात्यांची यादी रोज क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीने) तिकडे पोचवा.